खापरांची टेकडी

सुट्टी हा शब्द आमच्या घरात कधी नव्हताच. खाडा होता. खाडा केला की पगार कापला. मी सूतगिरणीत रिंग खात्यात, तिसऱ्या पाळीला. बायको कोन वाइंडिंगला, पहिल्या पाळीला. मी सकाळी घरी येतो तेव्हा ती निघून गेलेली असते. चुलीवर झाकलेली भाकरी असते. लग्नाला चार वर्षं झाली, पण उजेडात धड एकमेकांची तोंडं पाहिली ती सुट्टीच्या वारीच.

मेव्हणा इजिप्तात, अलेक्झांड्रिया शहराबाहेरच्या एका कारखान्यात फिटर आहे. त्यानं तिकिटं पाठवली. फोनवर म्हणाला, "दाजी, आक्काला घेऊन या. एकदा भोंग्याबिगर जगून बगा." रजा मागितली तर सुपरवायझर हसला. शेवटी बिनपगारी दिली. "कुठं चाललास?" "समुद्र बघायला." तो आणखी हसला.

आमच्या ओळखीचा समुद्र एकच. ६ डिसेंबरचा, दादरचा. पायाला पाय लागतो एवढी माणसं. तिथं समुद्राकडं बघायला कुणी जात नाही. इथं पहिल्याच सकाळी मेव्हणा कामावर गेला आणि आम्ही दोघंच कोर्निशवर उभे. समोर भूमध्य समुद्र. आणि खरं सांगतो मित्रांनो, आम्हाला चालताच येईना. मी पुढं, ती दहा पावलं मागं. गावाकडं अशीच चाल.

"बरोबरीनं चाल की."

"लोक बगत्यात."

"हितं कोण वळकतंय तुला?"

ती हसली. दहाची पाच पावलं झाली.

भूक लागली तशी गाडीवर फूल खाल्लं. पावट्यासारखे जाड दाणे, रात्रभर मंद आचेवर शिजवलेले. वर तेल, जिरं, लिंबू. सोबत फुगलेली गोल रोटी. तिला इथं 'ऐश' म्हणतात. ऐश म्हणजे जगणं. आपल्याकडं हाच शब्द आला आणि चैन झाला. साहेब लोक ऐश करतात, आपण भाकरी शोधतो. इथं भाकरीचंच नाव ऐश. १९७७ च्या जानेवारीत सरकारनं खाण्यापिण्याच्या सवलती काढल्या, तेव्हा या शहरातला कामगार रस्त्यावर आला. सरकारला सवलती परत द्याव्या लागल्या.

मनशिया चौकात गेलो. घोड्यावर बसलेला मोहम्मद अलीचा पुतळा आहे. याच चौकातून २६ जुलै १९५६ ला नासरनं सुएझ कालवा देशाच्या मालकीचा केल्याचं जाहीर केलं. मी मात्र कापूसबाजार शोधत होतो. इथल्या बाजाराची इमारत त्या १९७७ च्या दंग्यात जळाली, पुढं पाडली. जागा बघितली. आमच्या गिरणीत गिझा कापसाच्या गाठी येतात. लांब तंतूचा, रेशमासारखा. त्याचा धागा तुटत नाही, म्हणून त्या दिवशी साच्यावर पाळी हलकी जाते. गाठीवरचं नाव मी कितीदा वाचलंय. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, लँकेशायरचा कापूस अडला. तेव्हा मुंबई आणि हे शहर एकाच वेळी सोन्यानं भरलं. युद्ध सरलं आणि भाव कोसळला. भरलं ते व्यापाऱ्यांचं.

त्याच्याही आधी नाईलचं पाणी आणि माल या बंदरात आणायला महमुदिया कालवा खणला. १८२० ला पुरा झाला. खणणारे वेठीला धरलेले शेतकरी. हजारोंनी मेले. कालव्याला नाव सुलतानाचं. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "मेलेल्यांचं न्हाई व्हय?" मी काय बोलणार.

ऊन वाढलं. एका भिंतीशी पाण्याची टाकी होती, साखळीला एकच पेला. एक म्हातारा प्याला आणि त्यानं तोच पेला भरून हिच्या हातात दिला. ही पेला धरून उभीच. मला वाटलं, पाणी स्वच्छ आहे का बघते. मग प्याली. म्हातारा निघूनही गेला. पेला मात्र तिच्या हातातच.

दुपारी कोम अल शुकाफाला गेलो. जमिनीखालची स्मशानं. १९०० साली एक गाढव खड्ड्यात पडलं तेव्हा सापडली. ९९ पायऱ्या गोल गोल खाली. मधल्या विहिरीसारख्या पोकळीतून दोरानं प्रेतं सोडायचे. भिंतीवर कुत्रतोंड्या इजिप्ती देव, अंगात रोमन शिपायाचा पोशाख. आत जेवायची खोली आहे. मेलेल्याचे नातेवाईक येऊन तिथं जेवायचे. बरोबर आणलेली मातीची भांडी मात्र परत घरी न्यायचे नाहीत. मयताच्या जागेची म्हणून तिथंच फोडायचे. त्या खापरांचा ढीग झाला. शुकाफा म्हणजे खापर. खापरांची टेकडी.

हे सांगून मी पुढं निघालो. ती पायरीवरच बसली.

"म्हंजे विटाळच की," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "म्या बी एक फोडली हुती."

"काय?"

"कपबशी. दहा वर्साची आसंन. आयसंगं भांगलायला जायाची. मालकाच्या गोठ्यात कोनाड्यात आमची कपबशी आसायची. येगळी. एक दिस म्या ती दगडावर आपटली. आयनं लई मारलं. दुसऱ्या दिशी मालकिणीनं करवंटीत चा दिला."

"मग?"

"आयनं पिला. म्या न्हाई. आजून न्हाई पीत म्या चा."

चार वर्षं मला वाटत होतं, हिला चहा आवडत नाही. मी तसं लोकांना सांगतही होतो. मी कविता लिहितो. करवंटीवर, कोनाड्यावर लिहिल्यात. टाळ्याही घेतल्यात. आणि ती कपबशी माझ्याच घरात झोपत होती, मी तिसऱ्या पाळीला होतो.

९९ पायऱ्या वर आलो. बोललो नाही. पण आता ती मागं नव्हती. मी मागं पडलो तर ती थांबत होती.

संध्याकाळी परत समुद्र. सूर्य पाण्यात बुडेल म्हणून बसलो, तर तो घरांच्या मागं गेला. इथं समुद्र उत्तरेला आहे. भरतीचीही वाट बघितली. पाणी जिथं होतं तिथंच. या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. कठड्याखालच्या दगडावर तिनं पाय पाण्यात सोडले.

"आवं, आजचा पगार कापला आसंल न्हवं?"

"दोघांचाबी."

"कापू द्या," ती म्हणाली. "सरका हिकडं."

मी सरकलो.