अंधांत्रातील वहिवाट

कोंबडीच्या पोटात शोधून काढण्याजोगे असे काय असते, हा प्रश्न एका वयोवृद्ध आप्तांनी मला भर पंगतीत विचारला होता. पानावरच्या मंडळींचा विचार करून त्या वेळी मी जे उत्तर गिळले, ते आज सावकाश देतो.

एकवीस दिवस उबून कवचाबाहेर आलेल्या पिल्लाचे आतडे जवळजवळ निर्जंतुक असते. अंगणात खुडूक कोंबडीमागून हिंडणारे पिल्लू तिने उकरलेल्या उकिरड्यात, प्रसंगी तिच्याच शिटेत चोच मारते आणि मातेच्या जंतुसंपदेचे वारस होते. परंतु हॅचरीच्या यंत्रातून निघालेल्या पिल्लाच्या नशिबी आई नाही आणि आईची शीटही नाही, त्यामुळे त्याचे आतडे म्हणजे बेवारस मुलूख, पहिला येईल तो कब्जेदार. फिनलंडमध्ये १९७१ साली साल्मोनेला इन्फॅन्टिस या जंतूचा मोठा उपद्रव झाला, तेव्हा नुर्मी आणि रांताला या संशोधकांनी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यांतील द्रव्य एक-दोन दिवसांच्या पिल्लांच्या पोटात घातले, आणि साल्मोनेलाला तेथे थारा मिळेनासा झाला. १९७३ साली 'नेचर'मध्ये आलेला त्यांचा निबंध वाचताना मला राहून राहून वाटते, की आपल्या खुडूक कोंबडीचे बिनपगारी काम शास्त्राने अखेर दप्तरी नोंदवून घेतले.

माझा स्वतःचा जंतू मात्र कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी. मेलेली कोंबडी उघडली, की लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर दोन आंधळ्या पिशव्या लोंबताना दिसतात, हीच अंधांत्रे. त्यांतला तपकिरी, चिकट, उग्र वासाचा लगदा (शेडमधला गडी पांढऱ्या टोपीच्या नेहमीच्या शिटेहून तो बरोबर निराळा ओळखतो) हे या नागमोडी जंतूचे खरे वतन. बहुधा पिल्लू दोन-तीन आठवड्यांचे झाल्यावर तो शिरतो, आणि पाहता पाहता एका ग्रॅममागे दहा कोटींची वस्ती करतो. पक्ष्याच्या देहाची ४१-४२ अंशांची ऊब त्याला मानवते, आणि यजमानही सहसा आजारी पडत नाही. माणसाची गोष्ट वेगळी: १९८१ साली एका ब्रिटिश वैद्याने केवळ ५०० जंतू दुधातून स्वतः पिऊन पाहिले आणि त्याला यथासांग अतिसार झाला. शास्त्रनिष्ठेचा हा प्रकार मी विद्यार्थ्यांना सांगतो, पण शिफारस करीत नाही.

आता खरे नवल असे, की ग्लुकोज फोडण्याच्या सर्वपरिचित मार्गावरील एक महत्त्वाचे विकर, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज, या जंतूपाशी नाहीच. शेजारी शर्करेवर ताव मारीत असता हा सेरीन, अ‍ॅस्पार्टेट, ग्लुटामेट अशा अमिनो आम्लांवर गुजराण करतो. त्यांतही सेरीनवर त्याचा विशेष लोभ. सेरीन डिहायड्रेटेज नावाचे विकर त्या रेणूतून अमोनिया बाजूला काढते आणि पायरुव्हेट हाती देते, जे पुढे जंतूच्या चुलीत जळते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या एका विकराचे जनुक निकामी केले, तेव्हा त्या जंतूला कोंबडीच्या आतड्यात बस्तान बसवता आले नाही. ज्याला आपण आक्रमक समजतो त्याची सारी वहिवाट अशी एका रेणूच्या शिध्यावर चालते, हे मला अजूनही विलक्षण वाटते.

आणि ते विकरही नाजूक. त्याच्या गाभ्यातील लोह-गंधकाची जुळणी प्राणवायूने विस्कटते. हा जंतू थोड्याच प्राणवायूत सुखी असतो, हे मी पुस्तकाआधी बरणीकडून शिकलो. विद्यार्थिदशेत आम्ही पेट्रीच्या बशा काचेच्या बरणीत रचून आत मेणबत्ती पेटवीत असू आणि झाकण लावीत असू. प्राणवायू कमी झाला, की ज्योत आपोआप विझे. एकदा चार पक्ष्यांच्या अंधांत्रांचे नमुने पेरून मी घरी गेलो आणि दोन दिवसांनी बरणी पाहिली, तर बशांवर दवबिंदूंसारख्या चकाकणाऱ्या वसाहतींचा मागमूस नव्हता. झाकणाला दोष द्यावा, की स्वतःच्या घाईला, असा विचार करीत मी आत डोकावलो: मेणबत्ती पार बुडापर्यंत जळून गेली होती.