लक्ष कोण ठेवतं?

'पाय' म्हणजे काय, असं मेकॅनिकलवाल्यांना विचारलंत तर ते ३.१४ सांगतील. माझ्या आजीने 'चिकन पॉट पाय' ऐकलं आणि म्हणाली, "कोंबडीचे पाय खातो का गं तो तिकडे?" मी पडले कॉन्व्हेंटची! नर्सरी ऱ्हाइम्समधला पाय बालवाडीपासून पाठ, पण तो गोड की तिखट, हे कुणी कधी सांगितलंच नाही. ते कळलं दादा एम.एस.ला कॅन्सस सिटीला गेल्यावर.

पॉट पाय म्हणजे चिकन, बटाटा, गाजर, मटार यांचा दाट पांढरा रस्सा आणि वर मैद्याचं खुसखुशीत कवच. दादा तो स्लो कुकरमध्ये करतो. सकाळी दहाला बोनलेस चिकन, बटाटा, गाजर, कांदा, थोडा चिकन स्टॉक आणि मीठ-मिरी घालायची, बटण 'लो'वर ठेवायचं आणि निघायचं. आधी लेक्चर्स, मग कॅम्पसवरची नोकरी. संध्याकाळी आल्यावर मटार, क्रीम आणि पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर घालून आणखी अर्धा तास. क्रीम सकाळीच घातलं तर फाटतं.

आता थोडं इंजिनिअरिंग, नाहीतर संपादक रागावतील! आपला प्रेशर कुकर वाफ कोंडून तापमान १२० अंशांपर्यंत नेतो. डाळ पटकन शिजते, पण शिट्ट्या मोजायला माणूस लागतो. स्लो कुकरचं उलटं. दोनशे-अडीचशे वॅट (तुमच्या खोलीतल्या चोरट्या कॉइलपुढे काहीच नाही, रेक्टर सरांनी हे वाक्य वाचू नये), जाड भांडं आणि तापमान उकळीच्या जरा खालीच. चिवट मांसातलं कोलॅजन हळूहळू जिलेटिन होतं आणि चिकन चमच्याने तुटतं.

वरचं कवच मात्र या यंत्राला जमत नाही. मैदा छान तांबूस व्हायला १४० अंशांच्या वर तापमान आणि कोरडी हवा लागते, आणि झाकणाखाली तर सगळी वाफच! म्हणून वरची 'बिस्किटं' (आपलं पार्ले-जी नव्हे, मऊ पावासारखी) ओव्हनमध्ये २२० अंशांवर पंधरा मिनिटं वेगळी भाजतात. तिथे मात्र समोर उभं राहावं लागतं.

या यंत्रामागे एका आईची आठवण आहे. अर्व्हिंग नॅक्सन या संशोधकाला त्याची आई लिथुआनियातल्या व्हिल्नियसच्या गोष्टी सांगायची. शब्बाथला ज्यू लोक चूल पेटवत नाहीत, म्हणून आदल्या संध्याकाळी चोलंतचं भांडं बेकरीच्या निवत्या भट्टीत रात्रभर ठेवायचे. त्यावरून त्याने विजेचं भांडं केलं. १९४० साली पेटंट मिळालं. पुढे कॅन्सस सिटीच्याच रायव्हल कंपनीने १९७१ मध्ये ते 'क्रॉक-पॉट' नावाने बाजारात आणलं आणि नोकरीला जाणाऱ्या बायकांनी उचलून धरलं. म्हणजे दिवसभर घरी कुणी नसणार, हे त्यात धरलेलंच आहे.

नेमकं हेच आईला पचलं नाही. व्हिडिओ कॉलवर तिने विचारलं, "ढवळायचं कधी?"

"ढवळायचं नसतं गं. झाकण उघडलं की ऊब जाते."

"मग लक्ष कोण ठेवतं?"

"कुणीच नाही."

दोन्हीकडे शांतता. बाबांनी घाईघाईने लोनच्या हप्त्याचा विषय काढला.

पहिल्या सेमिस्टरला दादा एकदा केलेलं तीन दिवस पुरवायचा, तेही किचनमध्ये उभ्याने. बिस्किटं नाहीतच, कोण भाजणार? हे त्याने फक्त मला सांगितलं होतं. आता आईलाही माहीत आहे, म्हणून लिहितेय. दुसऱ्या सेमिस्टरला वरंगलचा एक रूममेट आला. त्याला बिस्किटं फार आवडतात, म्हणून भाजायचं काम त्याने अंगावर घेतलं. दादा दार उघडतो तेव्हा आता ओव्हन चालू असतो. टेबलावर दोन ताटल्या असतात.

आपण मेसच्या पातळ वरणाला रोज नावं ठेवतो. ठेवूया, तो आपला हक्क आहे! पण नावं ठेवताना शेजारी कुणीतरी बसलेलं असतं, हे दादाकडे बघून कळलं.

हिवाळ्यात त्याचे संध्याकाळचे सात म्हणजे आमचे सकाळचे साडेसहा. आईचा चहा चालू असतो. "जेवलास का?" असं ती हल्ली विचारत नाही. "कोणाबरोबर जेवलास?" असं विचारते.