छंदाचे परिमाण

पेढी मिटवून घरी आलेला रसिक रात्रीच्या पहिल्या प्रहरी भूप ऐकतो. मध्यम आणि निषाद वर्ज्य, अवघे पाच स्वर; तरी त्या रागाच्या वैभवात काही उणे नाही. त्याच्या जुन्या कॅमेऱ्याच्या रोलात 36 छायाचित्रे मावत. म्हणून कळ दाबण्यापूर्वी डोळा प्रकाश पारखत असे. आता मोबाइलमध्ये हजारो साठली, पुन्हा पाहिली मात्र गेली नाहीत. मैफलीतही चित्रण करता करता सम निसटू लागली. श्रावकाचे परिग्रह-परिमाण अणुव्रत केवळ तिजोरीपुरते नाही, हे त्याला उमगले. यंदा पर्युषणात आहारासोबत या साठ्यालाही त्याने मर्यादा घातली. वर्षभरातील 36च छायाचित्रे राखली, छापून घेतली आणि घरच्यांसोबत निवांत पाहिली. मैफलीत मोबाइल आता खिशातच राहतो.