मेव्हण्याची होडी

घोडनदी म्हणा की शिरूर म्हणा, गाव एकच. तेथे राहणाऱ्या आमच्या मेव्हण्याने गेल्या माघात एकाएकी जाहीर केले, "दाजी, मी होडी घेतोय. इंजिनाची, जुनी!"

"चालवणार कुठे? उसाच्या पाटात?" मी विचारले.

पण त्याचा डोळा दौंड तालुक्यातल्या खानोट्यावर होता. १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा भीमेतून तेथवर येतो आणि हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला शहरची मंडळी जमतात. होडीसाठी त्याच्या बायकोच्या पाटल्या मोडायच्या होत्या. तेव्हा "तुम्ही बरोबर जा," असा आमच्या सौभाग्यवतींचा हुकूम सुटला.

न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे निघालो. दुतर्फा ऊसच ऊस. वाटेत भीमा ओलांडली. दौंडला चहा घेताना मेव्हणा म्हणाला, "ह्या उसाचं इथेनॉल करून पेट्रोलात मिसळतात. शंभरात वीस भाग!" खरेच होते, २०२५ साली हे प्रमाण तेवढ्यावर गेले. पेट्रोलच्या मानाने इथेनॉलची ताकद लिटरमागे सुमारे एक तृतीयांशाने कमी. म्हणजे तेवढ्याच पल्ल्याला थोडे जास्त लागणार.

काठावर मालक वाट पाहत होता. होडी सुबक, मागे दहा अश्वशक्तीचे जुने टू-स्ट्रोक इंजिन. दोरी ओढताच सुरू! मेव्हण्याचा चेहरा खुलला. त्याने खिशाला हात घातला. बरोबर घेतलेला म्हातारा नावाडी मात्र म्हणाला, "जरा फिरून येऊ, मालक."

दूरवर रोहितांची गुलाबी रांग दिसू लागली आणि इंजिन गुरगुरून बंद पडले. भोवती पाणीच पाणी. पोहणे मला येत नाही, हे मला तेव्हा फार तीव्रतेने आठवले!

म्हाताऱ्याने टाकीच्या तळचे इंधन काचेच्या बाटलीत ओतून ती स्थिर धरली. थोड्या वेळात दोन थर दिसले. "पेट्रोल वर, पाणी खाली. बुडखा पाणीच ओढतोय." टाकी पावसाळ्यापासून तशीच पडून होती. इथेनॉल पाणी धरून ठेवते. ते फार झाले की दोन्ही मिळून तळाशी बसतात, आणि इंधन ओढणारी नळीही तेथेच असते. जुन्या रबरी नळ्यांनाही इथेनॉल मानवत नाही.

वल्ही मारीत काठ गाठला. टाकी धुऊन, तेल मिसळलेले ताजे पेट्रोल मापून घातले. काठाकाठाने अर्धा तास पूर्ण वेगात फिरलो आणि उरलेले पुन्हा मापले. साडेतीन लिटर संपले होते! एवढ्या ताकदीचे चांगले फोर-स्ट्रोक इंजिन तासाला सुमारे चार लिटर पिते. टू-स्ट्रोक जास्त पिणार हे कबूल, पण सात?

मेव्हण्याने बोटांवर हिशेब मांडला. जाताना एक भाग, येताना एक भाग आणि अडीअडचणीला एक भाग. एवढे पेट्रोल धरले तर फेरीच्या पैशांतून हाती काय उरणार? तो गप्प झाला.

अखेर त्याने नुसती होडी घेतली, वल्ह्यांसकट. त्यासाठी त्याची शिल्लक पुरली. इंजिन पुढे नवे बघू, असे ठरले.

परतल्यावर सौभाग्यवतींनी पहिला प्रश्न केला, "पाटल्या?"

"हातात आहेत," मी म्हणालो. मग कुठे चहा मिळाला.