फासे पडण्यापूर्वी

विद्यार्थी मित्रांनो, शंभर फूट उंचीवरून माणूस खाली पडला तर काय होईल? शंभर फूट म्हणजे जवळजवळ दहा मजले. तुम्ही म्हणाल, "सर, यात विचारण्यासारखे काय आहे? तो वाचणार नाही." तुमचे उत्तर योग्यच आहे. पण एक खेळ असा आहे की त्यातला शूर योद्धा शंभर फुटांवरून पडतो, कपडे झटकतो आणि चालू लागतो. या खेळातील एका वादाविषयी मी तुम्हांला सांगणार आहे.

खेळाचे नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो तयार केला. १९७४ साली तो प्रसिद्ध झाला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो; कोणी योद्धा होतो, कोणी जादूगार, कोणी चोर. एक जण सूत्रधार असतो. तो सांगतो, "समोर अंधारी गुहा आहे. आतून गुरगुरण्याचा आवाज येत आहे. तुम्ही काय कराल?" खेळाडू बोलून उत्तर देतात. त्यांचा बेत साधला की फसला, हे बहुतेक वेळा फासे ठरवतात. नेहमीच्या सहा बाजूंच्या फाशाबरोबर चार, आठ, बारा आणि वीस बाजूंचेही फासे असतात.

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंग शिकतो. सुट्टीच्या दिवशी तो मित्रांबरोबर हा खेळ खेळतो. एकदा मी त्याच्या खोलीवर गेलो, तेव्हा डाव रंगात आला होता. एका मुलाचा योद्धा किल्ल्याच्या शंभर फूट उंच तटावरून पडला. नियम असा की, दर दहा फुटांमागे सहा बाजूंचा एक फासा टाकायचा आणि जी बेरीज येईल, तेवढे योद्ध्याचे 'हिट पॉइंट्स' वजा करायचे. दहा फासे पडले. बेरीज ३८ आली. योद्ध्याजवळ ७० होते, ३२ उरले. मुलाने आनंदाने टाळी वाजवली. तेवढ्यात सूत्रधार म्हणाला, "छे! एवढ्या उंचावरून पडून कोणी वाचते का? तुझा योद्धा मेला."

झाले! वाद पेटला. तो मुलगा दोन वर्षे त्या योद्ध्याला घेऊन खेळत होता. त्याचा चेहरा पार उतरला. भाचा माझ्याकडे वळून म्हणाला, "मामूजान, तुम्ही शिक्षक आहात. तुम्हीच इन्साफ करा."

मी आधी नियम समजावून घेतला. तुम्ही विज्ञानात शिकला आहात की, उंची दुप्पट झाली की पडणाऱ्या वस्तूची ऊर्जाही दुप्पट होते. दर दहा फुटांना एक फासा, हा हिशेब त्याच्याशी जुळतो. जुळत नाही ते माणसाचे शरीर. पण गायगॅक्स यांनी १९७९ सालच्या पुस्तकात स्पष्ट केले आहे की, हिट पॉइंट्स म्हणजे केवळ रक्तमांस नव्हे. त्यांत योद्ध्याचे कौशल्य आणि नशीबही धरलेले असते. आपला खेळ वास्तवाची हुबेहूब नक्कल करण्यासाठी नाही, हेही त्यांनी तेथे सांगितले आहे.

सर्वांना हे पटले नाही. १९७८ साली 'रूनक्वेस्ट' नावाचा दुसरा खेळ आला. तो रचणाऱ्यांपैकी स्टीव्ह पेरिन हे चिलखत घालून लुटुपुटूच्या लढाया लढलेले गृहस्थ होते. त्यांच्या खेळात डोके, हात, पाय यांचे गुण वेगवेगळे असतात. तेथे कसलेला योद्धाही एका घावात मरू शकतो. साहजिकच खेळाडू तलवार उपसण्यापूर्वी दहादा विचार करतात.

हा वाद खरे तर फार जुना आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ या अधिकाऱ्याने नकाशावर खेळण्याच्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यातही फासे होते आणि निर्णय देणारा पंच होता. पुढे नियम इतके किचकट झाले की, खेळापेक्षा हिशेबच जास्त होऊ लागला. १८७६ साली व्हेर्दी द्यु व्हेर्नवा या सेनाधिकाऱ्याने सुचवले की, बरेचसे नियम बाजूला ठेवावेत आणि अनुभवी पंचाने आपल्या समजुतीने निकाल द्यावा.

मग खरे काय? नियम की वास्तव?

तुम्ही अमीर हमजाची दास्तान ऐकली असेल. तिच्यातील अम्र अय्यारच्या झंबिलीत काय वाटेल ते मावते. ती कधी भरतच नाही. या खेळातही तशीच एक जादूची पिशवी आहे, पण तिला सुमारे २२५ किलोंची मर्यादा घातलेली आहे. असे का? दास्तान एकटा दास्तानगो सांगतो आणि बाकीचे ऐकतात. खेळात मात्र प्रत्येकाचा हक्क सारखा असतो. आपल्या कृतीचे काय फळ मिळेल, याचा अंदाज प्रत्येकाला आधी करता आला पाहिजे. मर्यादा त्यासाठीच असते.

मी त्या मुलांना म्हणालो, "उद्या कोणी पायऱ्यांवर तेल ओतले आणि पुस्तकात त्याचा नियम सापडला नाही, तर सूत्रधाराने वास्तवाचा विचार करून जरूर निर्णय द्यावा. पण येथे नियम होता आणि फासेही पडले होते. आता हा योद्धा जगला पाहिजे. नियम आवडत नसेल तर पुढच्या डावापूर्वी सर्वांनी मिळून बदला." मुलांनी चर्चा केली. पन्नास फुटांपेक्षा उंचावरून पडल्यास पाय मोडेल, असा नवा नियम ठरला. सूत्रधाराच्या राक्षसांनाही तो लागू झाला.

मित्रांनो, तुम्ही गल्लीत क्रिकेट खेळताना 'एक टप्पा आऊट' ठरवता. मोठ्या मैदानावर असा नियम नाही. तरीही कोणी भांडत नाही, कारण तो पहिल्या चेंडूआधी ठरलेला असतो आणि सर्वांना सारखा असतो. झेल घेतल्यानंतर तो काढला, तर तुम्ही चिडाल आणि तुमचे चिडणे योग्यच असेल. "पण खरे तर असे होत नाही," असे कोणी म्हणाले, तर त्याचे म्हणणे जरूर ऐका. कदाचित ते बरोबरही असेल. मात्र त्याला एवढेच विचारा, "हे तू फासे पडण्यापूर्वी म्हणाला होतास का?"