टेबलावरची आगगाडी

पुण्यास कोथरूडमध्ये छोट्या आगगाड्यांचे एक संग्रहालय आहे. भाऊ जोशी यांनी आपल्या छंदातून ते उभारले आणि १९९८ साली ते लोकांस खुले झाले. त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या दहा वर्षांच्या मुलाला तेथे घेऊन गेलो. त्या इवल्या गाड्यांची धावपळ पाहून चिरंजीव जे खिळून राहिले, ते हलेचनात! परतताना बसमध्ये त्याने हळूच विचारले, "बाबा, आपल्या घरात असे रूळ मावतील?"

खरे सांगायचे तर ही हौस त्याच्याइतकीच माझीही होती. माझ्या बालपणी काड्यापेट्या दोऱ्याने ओवून केलेल्या गाडीवरच मी समाधान मानले होते. पुढल्याच महिन्यात एक इंजिन, तीन डबे व रुळांचे तुकडे असा संच घरी आला. ही गाडी खऱ्या गाडीच्या सत्याऐंशीव्या हिश्श्याची. या मापाने १७४ सेंटिमीटर उंचीचा माणूस अवघा २ सेंटिमीटर भरतो! घरातील वीज एका पेटीतून १२ व्होल्टपर्यंत उतरून रुळांत येते. एका रुळातून ती चाकांवाटे इंजिनाच्या मोटारीत शिरते व दुसऱ्या रुळावाटे परतते. तिची दिशा उलटवली की गाडी मागे धावू लागते.

जेवणाच्या टेबलावर मी एकट्यानेच रूळ जोडले. "हात लावू नकोस, मोडेल," असे त्याला तीनदा बजावले. बिचारा हात मागे बांधून उभा होता.

बटण फिरवताच इंजिन निघाले, खिडकीजवळच्या वळणावर पोचले आणि घसरले. पुन्हा ठेवले, पुन्हा तेथेच घसरले. मी वेग कमी केला, चाके पुसली, डबे सोडवले, व्यर्थ! अखेर माझा तोल गेला. "तूच टेबलाला धक्का दिलास!" मी शाळेतल्या आवाजात ओरडलो. त्याचे डोळे भरून आले; पण तो जागचा हलला नाही.

काही वेळाने तो म्हणाला, "बाबा, आता मी हात लावू?" मी मान हलवली. त्याने रुळावरून अलगद बोट फिरवत नेले आणि वळणाशी थांबवले. "इथे बोटाला लागतंय."

दोन रुळांना सांधणाऱ्या धातूच्या पट्टीत रूळ सरकवायचा असतो. मी तो पट्टीच्या वर बसवला होता! तेवढ्याशा उंचवट्याने चाक उडत होते.

"चूक माझी होती," मी म्हणालो. हे वाक्य शाळेत मी कितीतरी मुलांकडून वदवून घेतले होते. स्वतः उच्चारताना मात्र घसा कोरडा पडला.

रूळ त्यानेच नीट बसवला, गाडीही त्यानेच सोडली. खिडकीजवळचे वळण ती सुरळीत पार करून गेली. चार फेऱ्या झाल्यावर त्याने बटणाची पेटी माझ्यापुढे सरकवली.

"बाबा, आता तुम्ही चालवा. पण हळू हं!"