टाकीचा आवाज

दिग्रसला आमच्या घरी दिवाळीआधी, भाजणी दळायच्या अगोदर, जात्याला टाकी लावून घेत. टाकी लावणारी बाई अंगणात बसून वरची तळी उलटी करायची आणि छिन्नीने तिच्या झिजलेल्या खाचा पुन्हा जाग्या करायची. नंतरचं पहिलं दळण आजी बाजूला काढायची, कारण त्यात दगडाची कच यायची. ती म्हणायची, "गोटा जुना नाई झाला रे बाबू, बोथट झाला."

पुढे मी यांत्रिक अभियंता झालो आणि जुन्या गिरण्यांच्या दुरुस्तीत रमलो. आजीचं ते वाक्य मला या कामाचं सार वाटतं.

महाराष्ट्रात या अभ्यासाची सुरुवात छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीपासून करावी. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली आणि नहरींनी शहराला पाणी दिलं. तीच परंपरा पुढे नेत, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी, खाम नदीच्या काठी ही चक्की उभी राहिली. हर्सूलकडच्या डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून इथवर येतं, स्वतःच्याच दाबाने उंच भिंतीवर चढतं आणि हौदात कोसळतं. चक्कीचं पातं आडवं फिरतं. त्याच्या उभ्या दांड्यावरच वरची तळी बसवलेली असते. मध्ये एकही दंतचक्र नाही, म्हणून बिघडण्यासारखंही फार थोडं. इथल्या पिठावर फकीर आणि यात्रेकरू जेवत.

नेदरलँड्सच्या सपाट भूमीत पाण्याला असा उतार नाही, म्हणून तिथे वाऱ्याला कामाला लावलं. वारा दिशा बदलतो, म्हणून पवनचक्कीचं डोकं पात्यांसकट वाऱ्याकडे वळवावं लागतं. आडव्या आसाची गती लाकडी दंतचक्रांनी उभ्या दांड्यावर आणतात आणि त्या दातांना मधमाश्यांचं मेण लावतात. किंडरडाइकच्या 19 पवनचक्क्या तर दळत नव्हत्या. सखल जमिनीतलं पाणी उपसून शेतं कोरडी ठेवत होत्या.

वाफेची आणि विजेची यंत्रं आल्यावर तिथल्या हजारो चक्क्या पडल्या. उरलेल्या वाचवायला 1923 मध्ये 'दे हॉलंड्शे मोलेन' ही संस्था निघाली. पण नुसत्या डागडुजीने भागत नाही. बंद चक्कीच्या लाकडात ओल मुरते, किडे शिरतात. फिरती चक्की चालवणाऱ्याला मात्र आवाजावरूनच दुखणं कळतं. म्हणून 1972 मध्ये स्वयंसेवक चक्कीवाल्यांचा संघ झाला आणि हौशी माणसं हे काम शिकू लागली. 2017 मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून मान दिला तो या कसबाला.

मला आपल्याकडे हेच हवं आहे. पाणचक्कीची भिंत आणि हौद आपण जपतोच. पण शहर वाढलं तशी नहरींवर बांधकामं झाली. नळ मोकळे राहायला हवेत, तळीला टाकी लावणारे हात हवेत. दोन तळ्यांच्या खाचा एकमेकींना कात्रीसारख्या छेदतात तेव्हाच दाणा कापला जातो, वारा खेळतो, पीठ करपत नाही. हे मापाच्या कागदावर निम्मंच उतरतं. उरलेलं मनगटात असतं.

म्हणून माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलांच्या हाती मी नकाशा नंतर देतो. आधी एक बोथट जातं देतो, एक छिन्नी देतो आणि सांगतो, आधी ज्वारी दळून दाखवा.